विश्लेषण : मांडवीची दाबेली शांती नगरात आली, की शांती नगरची झाली?

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून संध्याकाळी शांती नगरच्या सेक्टरांमधून फिरले, तर दाबेलीची गाडी शोधावी लागत नाही. स्टीलच्या थाळीत घुमटासारखे थापलेले तांबूस सारण, त्यावर डाळिंबाचे दाणे, मसाला शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस आणि कोथिंबीर. शेजारी तवा आणि पावाची चवड. पाटीवर ‘कच्छी दाबेली’ हे शब्द असतातच. काही जण एक पाऊल पुढे जाऊन ‘मांडवीची’ असेही लिहितात. त्याच पाटीवर खाली जैन, चीज, बटर, चीज-बटर अशी यादी असते आणि प्रश्न तिथेच सुरू होतो. मांडवीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थातून बटाटा, कांदा आणि लसूण काढले, वर चीज किसले, तर त्यात मांडवीचे काय उरले?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या शहरात गेल्या तीन-चार दशकांत जवळपास प्रत्येक जण कुठून तरी राहायला आला आहे, तिथे ‘हे मूळचे कुठले’ हा प्रश्न पदार्थापुरता राहत नाही.

दाबेली मूळची कुठली?

गुजरातच्या कच्छ जिल्ह्यातील मांडवी या बंदराच्या गावातली. रुक्मावती नदीच्या काठी आजही लाकडी जहाजे बांधणारे हे गाव. १९६०च्या दशकात केशवजी गाभा चुडासमा यांनी तिथे दाबेली विकायला सुरुवात केली आणि तेव्हा ती एका आण्याला, म्हणजे सहा पैशांना मिळत असे, असे सांगितले जाते. नावाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दाबेली म्हणजे दाबलेली. पावात सारण भरायचे आणि तव्यावर दाबायचे. खुद्द कच्छमध्ये मात्र बरेच लोक तिला ‘डबल रोटी’ म्हणतात. म्हणजे जे नाव आपण अस्सल समजून पाटीवर लिहितो, त्याच्यापेक्षा वेगळे नाव तिच्या गावात रुळलेले आहे.

तिची कृती थोडक्यात अशी : उकडून कुस्करलेला बटाटा दाबेलीच्या मसाल्यात परतायचा. या मसाल्यात लाल मिरची, धणे, जिरे यांच्यासोबत लवंग, दालचिनी आणि बडीशेप असते. त्यामुळे तिखटाच्या मागून एक गोडसर, गरम मसाल्याचा वास येतो. वडापावच्या भाजीत तो कधीच नसतो. मग चिंच-खजुराची आंबटगोड चटणी, लसणाची तिखट चटणी, बारीक कांदा, मसाल्यात घोळवलेले शेंगदाणे, डाळिंब आणि शेव. गोड, आंबट, तिखट, कुरकुरीत आणि रसाळ असे सगळे एका घासात यावे, हा तिचा हिशेब आहे. त्यातला एक घटक जरी वरचढ झाला तरी बिघडते.

इतिहासातला एक योगायोग इथे सांगण्यासारखा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळात कच्छ आणि ठाणे जिल्हा एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. मांडवी आणि मीरा गाव यांची राजधानी तेव्हा एकच होती. राज्ये वेगळी झाली आणि त्यानंतर दाबेली जन्माला आली. तिचा प्रवास मात्र जुन्याच वाटेने झाला. कच्छी व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत येत होते. मशीद बंदर, मग घाटकोपर, मुलुंड, डोंबिवली अशी त्यांची वस्ती पसरत गेली आणि दाबेली त्यांच्या मागोमाग आली. मुंबईकर, पुणेकर तिला ‘कच्छी दाबेली’ म्हणू लागले त्यालाही आता काही पिढ्या झाल्या.

मग शांती नगरात ती कशी पोहोचली?

गिऱ्हाइकाबरोबर. मिठागरे आणि भातशेती यांच्यामध्ये १९८०च्या दशकात शांतीस्टार बिल्डर्सने ही वसाहत उभारायला घेतली. (या बिल्डरचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने पाठ असते. त्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये जगण्याच्या हक्कात अन्न, वस्त्र आणि राहण्याजोगा निवारा येतो, असे म्हटले होते.) दक्षिण मुंबईतल्या एका खोलीच्या भाड्यात किंवा उपनगरातल्या चाळीच्या किमतीत इथे स्वतःचा फ्लॅट मिळत होता. पाण्याची बोंब होती, लोकलची गर्दी होती, तरी लोक आले. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाखांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. नगरपालिका १९८५ मध्ये आणि महापालिका २००२ मध्ये आली.

आलेल्यांमध्ये गुजराती, कच्छी, मारवाडी कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि त्यांच्यात जैन बरेच होते. मराठी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, शेजारच्या नया नगरात मुस्लीम कुटुंबे, अशी सगळी सरमिसळ होत गेली. वांद्र्याहून भुजला जाणारी कच्छ एक्स्प्रेस बोरिवलीला थांबते. तिथून मीरा रोड लोकलने दोन स्थानके. गावी जाऊन येणाऱ्याच्या पिशवीत मसाल्याचे पाकीट येणे यापेक्षा सोपे काय असेल?

इथे आल्यावर तिच्यात काय बदलले?

अशा प्रश्नावर लोक लगेच ‘रेसिपी’वर घसरतात. पण पदार्थ परगावी जातो तेव्हा रेसिपी सर्वात सहज जाते, कारण ती डोक्यात मावते. अडते ते बाकीच्या तीन गोष्टींवर : मसाला, पाव आणि खाणारा.

मसाल्याचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. तो कोरडा असतो, टिकतो, पाकिटातून येतो. गुजराती फरसाणाच्या दुकानात तो सहज मिळतो. दाबेली बनवणारा कच्छचा असण्याची गरज उरली नाही, त्याचे मुख्य कारण हे पाकीट. उत्तर प्रदेशातून किंवा राजस्थानातून आलेला गाडीवालाही त्याच पाकिटावर कच्छी दाबेली विकू शकतो. त्यात गैर काही नाही. मुंबईत इडली विकणारे सगळे कुठे तमिळ असतात?

पाव मात्र प्रवास करत नाही. तो रोज पहाटे जवळच्या बेकरीतून यावा लागतो. कच्छमध्ये दाबेलीसाठी लहान, मऊ पाव वेगळे भाजले जातात. इथे मिळतो तो लादी पाव, म्हणजे वडापाव आणि पावभाजी डोळ्यांपुढे ठेवून भाजलेला. त्याच्या बाजू मऊ आणि ओलावा पटकन शोषणाऱ्या असतात. वड्याचे काही बिघडत नाही, कारण तो बाहेरून तळलेला, कोरडा असतो. दाबेलीचे सारण ओले, त्यात दोन चटण्या. लादी पावात ती भरून पाच मिनिटे ठेवली की तळ बसतो. मग गाडीवाला तव्यावर जास्त बटर टाकून पाव बाहेरून कडक करून घेतो. इंजिनिअरिंगच्या वर्गात याला वॉटरप्रूफिंग म्हटले असते. म्हणजे बटर हे इथे निव्वळ चैन म्हणून आलेले नाही. चुकीच्या पावाची ती दुरुस्ती आहे. आणि एकदा बटर आले की ते पाटीवर चढते, त्याचे वेगळे पैसे लागतात आणि गिऱ्हाईक ते मागू लागते.

बाकीच्या जिन्नसांकडे पाहिले तर गंमत आणखी वाढते. डाळिंब आणि कांदा या दोन्हींत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. सोलापूरच्या डाळिंबाला तर भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे मीरा रोडच्या दाबेलीवरचे लाल दाणे सोलापूर-नाशिकच्या बागेतले असण्याचीच शक्यता जास्त. खजुराचा कच्छशी संबंध खरा आहे. मांडवी-मुंद्रा पट्ट्यात त्याच्या बागा आहेत आणि ‘कच्छी खारेक’ला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. पण आपण खारीक म्हणतो ती सुकवलेली. कच्छची खारेक ताजी, करकरीत खायची असते. गाडीवरच्या चटणीत पडतो तो बाजारातला खजूर. तेव्हा ‘कच्छी’ दाबेलीतला कच्छ मोजायला बसलो तर एक पाकीट मसाला हातात येतो.

आता खाणारा. सर्वात मोठा बदल त्याने घडवला आहे.

जैन घरांत कंदमुळे वर्ज्य. म्हणजे दाबेलीतला बटाटा, कांदा आणि लसूण हे तिन्ही गेले. उरले काय तर मसाला, चिंच-खजुराची चटणी, शेंगदाणे, डाळिंब, शेव. या सगळ्याला धरून ठेवणारे काहीतरी हवे. ते काम उकडलेल्या कच्च्या केळ्याने केले. हा शोध शांती नगरने लावला असे म्हणता येणार नाही. कच्छमध्ये जैन आहेतच आणि कच्चे केळे हा जैन स्वयंपाकात बटाट्याचा जुना पर्याय आहे. फरक प्रमाणाचा आहे. इतरत्र जैन दाबेली मागून घ्यावी लागते. इथे ती पाटीवर असते, आणि जाणकार गिऱ्हाईक वेगळी थाळी, वेगळा चमचा आणि वेगळा तवा आहे ना, हे आधी पाहून घेते. सूर्यास्तानंतर न खाणारे नेमाचे गिऱ्हाईक दिवसाउजेडी येऊन जाते. काही घरांत यीस्टमुळे पावही चालत नाही, ते अर्थातच गाडीकडे फिरकत नाहीत. पर्युषणात धंदा मंदावतो. गाडीवाल्याचे घड्याळ आणि पंचांग दोन्ही गिऱ्हाइकाच्या धर्माने लावलेले असतात, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो.

चवीत काय फरक पडतो? उकडलेले केळे बटाट्यापेक्षा लवकर कोरडे होते आणि त्याला किंचित तुरटपणा असतो. लसणाची चटणी गेल्यामुळे तिखटाची एक धार जाते. ती भरून काढायला चांगला गाडीवाला चिंच जरा वाढवतो, मसाला सढळ हाताने घालतो आणि सारण थोडे सैल ठेवतो. आळशी गाडीवाला बटाट्याचेच प्रमाण केळ्याला लावतो आणि भुसा भरल्यासारखी दाबेली हातात ठेवतो. नीट केलेली केळ्याची दाबेली ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. तिला ‘बटाटा नसलेली’ म्हणून ओळखणे हा तिच्यावर अन्याय आहे.

चीजबद्दल तेवढे चांगले बोलता येत नाही. केळे गरजेतून आले, चीज किमतीतून आले. साध्या दाबेलीची किंमत वडापावच्या आसपास अडकलेली असते. ती वाढवली की गिऱ्हाईक कुरकुरते. वर चीज किसले की तीच दाबेली पुष्कळ जास्त दराला जाते आणि कोणी काही म्हणत नाही. गाडीवाल्याचा हिशेब चूक नाही, कारण त्याला गॅस, पाव आणि जागेची अनिश्चितता हे सगळे भागवायचे असते. पण चीज खारट आणि स्निग्ध असते. ते जिभेवर थर धरते आणि ज्या लवंग-दालचिनीसाठी दाबेली खायची, तिचाच वास दबतो. केळ्याने दाबेली बदलली, चीजने ती झाकली.

‘मांडवीची’ असे लिहिणे ही फसवणूक आहे का?

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा, तो २००३ मध्ये अमलात आला. एखाद्या मालाचा गुण किंवा लौकिक त्याच्या जागेमुळे असेल, तर त्या जागेचे नाव इतरांना वापरता येत नाही, असे हे संरक्षण आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. बिकानेरी भुजियाला २०१० मध्ये ते मिळाले. पण भुजिया पाकिटात बंद होऊन जातो, तो कुठे बनला हे तपासता येते. दाबेली तुमच्या समोर, तुमच्या गल्लीत बनते. गरम पदार्थाला असे संरक्षण मिळालेच नाही असे नाही. हैदराबादी हलीमला त्याच वर्षी, २०१० मध्ये मानांकन मिळाले. तरी रमजानमध्ये देशभर कुठे कुठे हलीमच्या डेगीवर हैदराबादचे नाव झळकते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आणि गावाच्या नावाचा पदार्थ त्या गावात असतोच असेही नाही. हॉटेलातली ‘व्हेज कोल्हापुरी’ हे आपले घरचे उदाहरण. ती लाल ग्रेव्ही पाहून कोल्हापूरकर हसतो, कारण तिथे तांबडा-पांढरा आहे, मिसळ आहे, पण ही भाजी कोल्हापूरची म्हणून कोणी ओळखत नाही. अमेरिकेत डेट्रॉईट शहराचा अभिमान असलेल्या हॉट डॉगचे नाव ‘कोनी’. ते आले न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावरून. पण बिनशेंगांचा मांसाचा रस्सा, मोहरीची चटणी आणि कच्चा कांदा घातलेला हा प्रकार घडला मिशिगनमध्ये, स्थलांतरित ग्रीक हॉटेलवाल्यांच्या हातून. आज तो डेट्रॉईटचाच समजला जातो. उलट शिकागोवाले आपल्या हॉट डॉगवर टोमॅटो केचप घालू देत नाहीत आणि दुसऱ्या शहरात शिकागोच्या नावाने विकणाऱ्याकडूनही तीच शिस्त मागतात. एका शहराने नाव उधार घेऊन पदार्थ आपला केला, दुसऱ्याने नाव आणि नियम दोन्ही सोबत पाठवले.

आपला वडापाव यातून सुटलेला नाही. तो दाबेलीच्याच वयाचा, १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केलेला मानला जातो. अहमदाबादेत तोच वडापाव लाल मसाला आणि भरपूर बटरमध्ये लोळवून देतात. मुंबईकर नाक मुरडतो, अहमदाबादकराला मात्र मुंबईचा वडापाव कोरडा वाटतो. म्हणजे गुजरातमध्ये वडापावचे जे झाले, तेच महाराष्ट्रात दाबेलीचे झाले आणि दोन्हीकडे बटर हाच दुरुस्तीचा उपाय ठरला.

तेव्हा शांती नगरच्या पाटीवरचे ‘कच्छी’ ही फसवणूक नाही. ते आता एका प्रकाराचे नाव झाले आहे, जसे ‘म्हैसूर’ डोशाच्या मागे लागले. ‘मांडवीची’ हा शब्द मात्र दावा आहे. तो लिहिणाऱ्याने निदान लसूण, कांदा आणि बटाटा घातलेली साधी दाबेली यादीत पहिली ठेवावी. आणि केळ्याची दाबेली इतकी नीट करता येत असेल, तर तिला मांडवीचा आधार कशाला? ‘मीरा रोडची जैन दाबेली’ असे लिहायला काय हरकत आहे?

मांडवीच्या जवळची दाबेली हवी असेल तर काय पाहावे?

साधी मागावी, चीज नको म्हणावे. सारण थाळीत सैल, ओलसर दिसते का ते पाहावे. कडा सुकून भेगा पडल्या असतील तर ते दुपारचे आहे. लसणाची चटणी वेगळ्या भांड्यात आहे का विचारावे, कारण ज्या गाडीवर ती नाहीच तिथे सगळेच सारण जैन पद्धतीचे असते. पाव पाहावा. लादी पाव असेल तर दाबेली तिथेच उभ्याने खावी. घरी बांधून नेली की पावाचा लगदा होतो आणि दोष मांडवीला लागतो.

आणि मीरा-भाईंदरची स्वतःची चव?

ती याच महापालिकेच्या हद्दीत, भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या किनाऱ्यावर आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत, सुकवलेल्या बोंबलांत, बॉटल मसाल्याच्या कालवणात आणि तांदळाच्या भाकरीत. इमारतींच्या आधी इथे जे होते, त्यातले हे उरलेले. कच्छच्या बंदरावरची दाबेली रेल्वेने शांती नगरात पोहोचली. त्याच शहरातल्या उत्तनच्या बंदरावरचे कालवण पोहोचलेले नाही, आणि त्याचे कारण अंतर नाही. शांती नगरच्या बाजारात शाकाहारी गिऱ्हाइकाचे वजन मोठे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये याच महापालिकेने पर्युषणाचे आठही दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावरून राज्यभर वाद झाला होता. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. त्या वादाची ठिणगी खाद्यपदार्थांच्या एका दुकानाच्या गल्ल्यावरच पडली होती. इथे कोण काय विकतो आणि कोणत्या भाषेत विकतो, यावरून हे शहर कोणाचे हे ठरवायची घाई दोन्ही बाजूंना झालेली दिसते.

दाबेलीच्या गाडीवर हा हिशेब जरा वेगळा चालतो. तिथे गुजराती नावाचा पदार्थ, सोलापूरचे डाळिंब, मुंबईचा पाव, हिंदीत मागणी आणि मराठीत सुटे पैसे असा व्यवहार रोज संध्याकाळी होतो. ती गाडी उभी राहील की नाही, हे ठरते पथविक्रेता कायदा २०१४ नुसार. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे हा कायदा सांगतो. २०११ची लोकसंख्या धरली तर मीरा-भाईंदरमध्ये ही संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिलांना द्याव्या लागतात. फेरीवाला क्षेत्रे आखताना या समितीपुढे उत्तनच्या महिलांसाठी शांती नगर, नया नगर आणि स्थानक परिसराच्या मध्ये कुठेतरी भाकरी-कालवणाच्या चार-सहा जागा राखण्याचा विषय मांडता येतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दाबेलीच्या गाडीपासून त्या जरा लांब असाव्यात, एवढे जैन गिऱ्हाईक म्हणेल आणि ते रास्तच आहे.